पॅड कुठला घ्यावा हे नंतर; आधी तो खातंय कोण ते बघू

प्रश्न असा आलाय: गाडी १९९८ ची बुलेट ३५०, बिडाच्या ब्लॉकची, उजव्या पायाचे चार गिअर. मुक्काम देवरुख. रोजची फेरी रत्नागिरीची, आणि महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाट चढून कोल्हापूर. चौदा महिन्यांत प्रायमरी चेनच्या (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी आतली साखळी) टेन्शनरचे, म्हणजे तिला ताण देणाऱ्या भागाचे, तीन रबरी पॅड बदलून झाले. तिन्ही बाहेरच्या कंपन्यांचे, तीन वेगळ्या दुकानांतले. शेवटचा साडेतीन हजार किलोमीटरसुद्धा गेला नाही. घाट उतरताना डाव्या बाजूने खरखर येते, चढताना येत नाही. मेस्त्री म्हणतात माल डुप्लिकेट आहे. विचारणं एवढंच, की टिकणारा पॅड कोणाचा, आणि आपोआप ताण घेणारा टेन्शनर मिळतो तो बसवू का?

मेस्त्री खोटं बोलत नाहीत. बाजारात वाईट पॅड येतात, मी स्वतः डझनांनी परत केलेत. पण एक पॅड वाईट निघाला तर ते नशीब म्हणता येईल. तीन ठिकाणांहून घेतलेले तीन पॅड साधारण एकाच वेगाने संपले, तर पॅड हा चोर नाही, त्याच्याच घरी चोरी होतेय. नीट जुळलेल्या गाडीत साधा बाजारातला पॅडही माझ्या अनुभवात वीस हजार किलोमीटर कुरकुर न करता जातो. म्हणून नाव सुचवण्याआधी तुमच्याच एका वाक्याकडे वळतो. "उतरताना येते, चढताना येत नाही." हे तुम्ही सहज लिहिलंत, पण अर्धं निदान त्यातच आहे.

कसं ते सांगतो. या इंजिनात पुढे क्रँकवरचं छोटं स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि मागे क्लचचं मोठं, मधे तीन सुतांची, म्हणजे ३/८ इंची कड्यांची, डबल (दोन ओळींची) चेन. डाव्या बाजूने बघितलं तर दोन्ही घड्याळाच्या उलट फिरतात. तुम्ही रेस देता तेव्हा इंजिन चेनची वरची बाजू ओढतं. ती ताठ होते, खालची ढिली पडते. पॅड असतो खालच्या बाजूला. म्हणजे चढावर पॅडला काम फक्त ढिली चेन उचलून धरायचं. हलकं काम.

उतारावर रेस सोडली की सगळं उलटतं. आता चाक इंजिनला ढकलतंय, म्हणजे क्लच चेन ओढतोय, आणि ओढतोय ती खालची बाजू. ढिली असलेली बाजू क्षणात ताठ होते आणि सरळ रेषेत यायला बघते. तिच्या वाटेत कमान करून कोण उभा? पॅड. मग सगळा जोर पॅडच्या पाठीवर. घाटमाथ्यावरच्या आंबा गावापासून खालच्या साखरप्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन धरत उतरताना हा मार अखंड चालू असतो. त्यात वळणावळणाला रेस दिली-सोडली, दिली-सोडली, की चेन दर वेळी खालून एक फटका मारते. सपाटीवरच्या गाडीत पॅड टेकू असतो, घाटातल्या गाडीत तो ऐरण होतो.

म्हणून घाट न्यूट्रलवर उतरा असं मी म्हणत नाहीये, हे ठळक अक्षरात समजा. एकट्या ब्रेकच्या भरवशावर आंबा घाट उतरणं म्हणजे पॅड वाचवून हाडं मोडून घेणं. इंजिन ब्रेकिंग हवंच. आणि हा मार सगळ्याच घाटातल्या बुलेट खातात, सगळ्यांचे पॅड काही साडेतीन हजारात जात नाहीत. तुमच्याकडे या माराला कोणीतरी साथ देतंय. ते कोण, हे गाडी न बघता छातीठोक सांगता येणार नाही. पण शोधायचं कसं ते सांगता येतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्याकडेच आहे: जुना पॅड.

मेस्त्री जुना पॅड भंगाराच्या डब्यात टाकतात. टाकू देऊ नका. रॉकेलने धुवा, उन्हात धरा आणि वाचा. चेन डबल असल्यामुळे पॅडवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना खोबणी पडतात. दोन्ही सारख्या खोल आणि गुळगुळीत असतील तर झीज सरळ आहे, फक्त जास्त आहे. एक खोल आणि एक उथळ असेल तर चेन तिरकी चालतेय, दोन स्प्रॉकेटं एका रेषेत नाहीत. आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या खुणा दिसल्या तर चेन ढिली होऊन आपटतेय. पॅडचं पुढचंच टोक, म्हणजे इंजिनकडचं, कुरतडलेलं असेल तर पॅडची कमान जुळत नाही किंवा टोकाची धार मारलेली नाही. खालची चेन इंजिनकडून क्लचकडे सरकते, त्यामुळे ती पॅडवर चढते तिथेच पहिला घाव बसतो. रबर फुगून, मऊ पडून बोटाने चुरा होत असेल तर माल वाईट. आणि पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, कडक, बारीक भेगांचा असेल तर तो भाजलाय: एकतर ऑइल कमी होतं किंवा चेन नको तेवढी ताणली होती.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या गाडीत शेवटचं आणि शिडीचं असं दोन्ही मिसळलेलं सापडेल. कारण आवाज आला की मेस्त्री काय करतात? टेन्शनरचा स्क्रू अजून वर घेतात. आवाज जातो. गिऱ्हाईक खूष. आठ दिवसांनी पॅड परत खाली.

इथे थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पॅड इथेच मरतात. या चेनला वरच्या बाजूला मध्यावर, वर-खाली मिळून साधारण दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर, खेळ ठेवायचा असतो, तोही इंजिन थंड असताना. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचे केस पसरतात, दोन शाफ्टमधलं अंतर किंचित वाढतं आणि खेळ कमी होतो. थंड्या गाडीत चेन तारेसारखी ताणून ठेवली तर साखरप्याला पोचेपर्यंत ती पॅडला, क्लचच्या बेअरिंगला आणि गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टला एकाच वेळी पिळत असते. पॅड स्वस्त म्हणून आधी मरतो, एवढंच. बाकीचे दोघे रांगेत उभे असतात.

दुसरी गोष्ट, खेळ एकाच जागी मोजून चालत नाही. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही आणि स्प्रॉकेटंही अगदी गोल फिरत नाहीत. प्लग काढा, किक हाताने हळूहळू दाबत इंजिन फिरवा, आणि पाच-सहा ठिकाणी पट्टी लावून बघा. एका जागी आठ मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी दोन असं मिळालं तर सेटिंग नेहमी त्या दोनवाल्या, घट्ट जागी करायचं. सहा तिथे मिळाले पाहिजेत. मग ढिल्या जागी चेन दहा-बारा मिलिमीटर लोंबू लागली, तर ती चेन संपली; तिला कुठलाही पॅड वाचवणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आपोआप ताण घेणारा टेन्शनर, विशेषतः दात्यांवर चढणारा आणि परत न उतरणारा, ढिली जागा आली की एक दाता पुढे सरकतो. मग घट्ट जागा येते तेव्हा मागे जायला त्याला वाट नाही. ज्या इंजिनाची घडणच तशा टेन्शनरसाठी झालीय तिथे ठीक. तुमच्या जुन्या, असमान झिजलेल्या चेनवर तो बसवणं म्हणजे मेस्त्री रोज स्क्रू वर घेतोय असं समजा. नको.

चेन संपली की नाही हे डोळ्याने कळत नाही, मोजावं लागतं. ही चेन जोडकडीची नसते, अखंड असते, त्यामुळे ती काढायची तर पुढचं स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून एकदमच बाहेर काढावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच ते टाळून नुसता पॅड बदलला जातो. तीनदा टाळून झालंय, आता करा. चेन रॉकेलमध्ये धुवून टेबलावर ताणून ठेवा आणि वीस कड्यांचं अंतर व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) किंवा चांगल्या पोलादी पट्टीने मोजा. नव्या चेनमध्ये ते १९०.५ मिलिमीटर असतं. १९३ च्या वर गेली की मी नवीन पॅड घालायला नकार देतो. १९४ च्या पुढची चेन मी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन सांगतो, की ही आता विहिरीच्या रहाटाला लावा. मोजून झाल्यावर एकेक कडी बोटाने वाकवून बघा. एखादी अडकत असेल, तर ती फेरीगणिक पॅडवर कोपर मारत जाते.

चेन बाहेर आलीच आहे तर क्लचचा ड्रम हाताने हलवून बघा. आत-बाहेर, वर-खाली. ड्रम डुलत असेल तर चेन नागमोडी चालते आणि मी मघाशी म्हटलं ती एक-खोल-एक-उथळ खोबण पडते. नसेल डुलत आणि तरीही खोबणी असमान असतील, तर दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून फरक बघा. फरक निघाला तर कारण शोधा. अंदाजाने मागे वायसर कोंबू नका.

मागच्या चाकाकडे कोणी बघत नाही, तुम्ही बघा. मागच्या ड्रममध्ये धक्का पिणारी रबरं असतात. ती दबून कडक झाली की रस्त्याचा आणि रेसचा प्रत्येक झटका न पिता पुढे जातो, आणि पुढे म्हणजे प्रायमरी चेनवर. गाडी गिअरमध्ये ठेवून मागचं चाक पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट आणि ड्रम यांच्यात खडखडीत, कोरडा खेळ वाटला तर रबरं बदला. पॅडच्या दुखण्याला मागच्या चाकात औषध मिळतं, हे ऐकून लोक हसतात. मी स्वतः हसलो होतो.

आता ऑइलचं. इथे कोकणात बाकी सगळ्यापेक्षा हे मोठं आहे. जुन्या बुलेटचा प्रायमरी केस, म्हणजे ही चेन आणि क्लच असतो तो, वेगळा कप्पा असतो. इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, याचं वेगळं. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) इंजिनांत सगळ्यांना एकच ऑइल झालं, आणि २०२० नंतरच्या नव्या ३५० मध्ये तर प्रायमरी चेनच राहिली नाही, गिअर आले. त्यामुळे नव्या गाडीवर हात बसलेली पोरं जुन्या गाडीचं इंजिन ऑइल बदलतात आणि हा कप्पा विसरतात.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवत असेल. माझं गॅरेज चिपळूण-गुहागर रस्त्याला आहे. पाणी ओसरल्यावर पुढचे दोन महिने बुडालेल्या गाड्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. त्या गडबडीत एका गृहस्थाची बुलेट आम्ही इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर सगळं धुवून चालू करून दिली. डिसेंबरात ते परत आले, डाव्या बाजूने आवाज. मी तसराळं खाली ठेवून मधला नट सोडला आणि कव्हर सैल केलं. आधी चहासारखं पाणी आलं, मग दुधाळ ऑइल, मग बोटभर गाळ. वाशिष्ठी नदीचा गाळ, बारीक, मेंदीसारखा मऊ लागणारा, आणि पॅडला पॉलिश पेपरसारखा. पॅडची पत्र्याची पाठ चेनला लागली होती. त्याच कप्प्यात बाहेरच्या अंगाला अल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या भागाचा) फिरणारा रोटर असतो, लोहचुंबकच तो, त्याला लोखंडाचा चुरा साळिंदरासारखा उभा चिकटला होता. चूक माझ्याच गॅरेजची होती. काम फुकट करून दिलं, आणि तेव्हापासून पाण्यातून आलेल्या गाडीचं हे कव्हर मी पहिलं उघडतो.

तुमची गाडी पुरात बुडाली नसेलही. पण पावसात देवरुखच्या आसपास पऱ्या-व्हाळ आडवे वाहतात, त्यातून गाडी घातली की गरम केस एकदम थंड होतो आणि झिजलेल्या सीलमधून, मधल्या नटाखालच्या वायसरमधून पाणी आत खेचलं जातं. शिवाय चार महिने पडवीत दमट हवा. तपासायचं सोपं आहे: आतलं ऑइल दोन थेंब जुन्या पत्र्यावर टाकून पत्रा खालून तापवा. नुसतं धुरावलं तर ठीक. फोडणीत मोहरी टाकल्यासारखं तडतडलं तर पाणी आहे. (जरा लांब उभे राहा.)

या कप्प्यात मी मोटरसायकलचंच, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचला चालणारं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं ऑइल घालतो, आणि घाटातल्या गाड्यांचं वर्षातून दोनदा बदलतो, मे अखेरीस आणि दसऱ्याला. पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी, साईड स्टँडवर नाही. पातळीच्या स्क्रूमधून थेंब येईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा. जास्त भरलं तर क्लच घसरतो. न भरता पातळी वाढत असेल तर क्रँककडच्या सीलमधून इंजिनचं ऑइल इकडे येतंय, ते वेगळं दुखणं. कव्हर गळतं म्हणून मधला नट दात-ओठ खाऊन आवळू नका. त्याने कव्हर वाकतं आणि दुप्पट गळतं. रबरी सील बदला, कडा साफ करा, बेताने आवळा.

आता राहिला पॅड. नाव मी सांगणार नाही, कारण एकाच नावाचा माल या खोक्यात चांगला आणि पुढच्यात वाईट निघालेला मी बघितलाय. दुकानात उभं राहून चार गोष्टी बघा. जुन्या मूळ पॅडशेजारी धरून कमान जुळते का. सपाट पॅड चेनला फक्त मधे टेकतो आणि सगळा मार तेवढ्याच जागेत खातो. दोन्ही टोकं गोलसर उतरती आहेत का. नसतील तर बारीक कानसीने तुम्ही करू शकता. खालची पत्र्याची पाठ काचेवर ठेवून डुगडुगते का. आणि रबर पत्र्याला कसं चिकटलंय, टोकाला नखाने उचकटून बघा. इथे जरा जरी उचललं गेलं तरी तो पॅड घेऊ नका. सुटलेलं रबर चेनखाली जाऊन गोळा झालं, तर पुढचा खर्च पॅडच्या किमतीत मोजता येत नाही.

घरी आणल्यावर अजून एक परीक्षा. व्हर्नियरने जाडी लिहून ठेवा, आणि पॅड इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवून तीन दिवस उन्हात ठेवा. साधं रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. तेलाला टिकणारं नायट्राईल रबर जवळजवळ तसंच राहतं. काढून पुसा, पुन्हा मोजा, नख दाबून बघा. जाडी वाढली किंवा नखाची खूण उठून राहिली, तर परत करा. दुकानदार कुरकुरेल. माझा नेहमीचा दुकानदार आता पॅड देतानाच म्हणतो, "घे, आणि घाल तुझ्या लोणच्याच्या बरणीत."

बसवताना पॅड आपल्या जागेत मोकळा वर-खाली सरकतो आणि तिरका होत नाही एवढं बघा, अल्टरनेटरची वायर चेनपासून दूर आहे ना ते बघा, रोटर पुसून घ्या आणि भोवती फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) आठ थाऊची, म्हणजे इंचाच्या आठ हजारांशाची, पात सगळीकडे फिरते का ते तपासा. मग पाचशे किलोमीटरांनी कव्हर पुन्हा उघडून खेळ मोजा. नवा पॅड सुरुवातीला बसतो, तेवढं एकदा सावरून घ्यावं लागतं. त्यानंतर मात्र आवाज आला म्हणून स्क्रूला हात लावायचा नाही, आधी मोजायचं.

गाडी चालवण्यात बदल थोडाच. चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन धडधडवत ओढू नका. एक सिलिंडरचं इंजिन कमी आरपीएमला दर ठोक्याला चेन हिसकतं. उतारावर एक गिअर खालचा ठेवा, रेस एकदम बंद-चालू करण्यापेक्षा सोडलीत तर सोडलेलीच राहू द्या, आणि उरलेलं ब्रेकला सांगा.

तर आता असं करा. येत्या रविवारी कव्हर उघडा, ऑइल तसराळ्यात धरा, फेकू नका. तिन्ही जुने पॅड मेस्त्रींच्या डब्यात अजून असतील तर मागून घ्या. मला तीन गोष्टी मोजून कळवा: दोन्ही खोबणींची खोली, घट्ट आणि ढिल्या जागचा खेळ, आणि वीस कड्यांचं माप. पत्र्यावर ऑइल तडतडलं की नाही तेही. चेन १९३ च्या आत निघाली तर क्लचच्या बेअरिंगकडे वळू. बाहेर निघाली तर चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि पॅड एकदमच मागवा, सुट्टं सुट्टं नको.